रणवेषावरील ठिपके कशासाठी?

ओहोटीच्या वेळी भाईंदरच्या खाडीकाठी तिवरांखालील चिखलात वंचक नावाचा बगळा बसलेला असतो. अंगावरील तपकिरी रेघांमुळे तो अगदी जवळ असूनही आम्हांस दिसत नाही. परंतु उडताच त्याचे शुभ्र पंख उघडे पडतात. सैनिकाच्या रणवेषाचे सारे मर्म या एका पक्ष्यात आहे.

पूर्वी इंग्रज सैनिक भडक तांबडे डगले घालून लढत. पेशावर येथे १८४६ साली उभारलेल्या गाइड्स पथकाने धुळीच्या रंगाचा वेष स्वीकारला. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरूनच खाकी. पण नुसत्या रंगाने काम भागत नाही. दुरून आपली दृष्टी मनुष्य ओळखते ती मस्तक, खांदे व बाहू यांच्या बाह्यरेषेवरून. निरनिराळ्या रंगांचे वेडेवाकडे ठिपके ती रेषाच तोडून टाकतात.

मात्र सर्वत्र लपविणारा वेष अद्यापि कोणास साधलेला नाही. अमेरिकेने २००४ साली सर्व भूमींसाठी एकच करडा नमुना निवडला; तो अफगाणिस्तानात उपयोगी पडेना, म्हणून २०१० साली तेथील सैनिकांस दुसरा द्यावा लागला. आपल्या भूसेनेने १५ जानेवारी २०२२ रोजी हिरव्या व मातकट ठिपक्यांचा नवा वेष प्रकट केला. तो तिवरांत मिसळून जाईल. मिठाच्या पांढऱ्या राशीपुढे मात्र उठून दिसेल.

आणि वेष कितीही उत्तम असला, तरी अवेळी हालचाल केली की घात झालाच. विद्यार्थिमित्रहो, वस्त्र अर्धेच काम करते. उरलेले अर्धे सैनिकाच्या स्थिरतेने करावयाचे असते, व त्यावरच त्याचे प्राण अवलंबून असतात.