८० लिटरची पेटी

उसाचा हंगाम सुरू झाला की बेलापूरच्या आसपास ट्रॅक्टर फसायला लागतात. रात्री पाटाचं पाणी रानात शिरलेलं असतं, मागे भरलेली ट्रॉली असते आणि प्रवरेकाठची काळी माती चाक सोडत नाही. नवखा ड्रायव्हर अशा वेळी इंजिन रेटतो आणि चाक आसापर्यंत खाली जातं. जाणता खाली उतरतो, खोऱ्याने माती ओढतो, चाकापुढे पाचट अंथरतो आणि मग अगदी सावकाश क्लच सोडतो. डाकार रॅलीबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला पहिली ओळख पटली ती इथेच. वाळवंटात गाडी रुतली की तिथलेही लोक असेच उतरतात, फावड्याने वाळू काढतात. फक्त पाचटाच्या जागी चाकाखाली खाचांच्या लांब पट्ट्या सरकवतात.

वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी केली जाते. हवा उतरली की टायर चपटा होतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो, वजन पसरतं आणि चाक वाळूत घुसण्याऐवजी वाळूवर तरंगतं. पुढे दगडगोटे लागले की हीच कमी हवा घात करते. टायर रिमवर आपटून फाटतो, म्हणून पुन्हा हवा भरावी लागते. मोटरसायकलला हा व्याप परवडत नाही. तिच्या टायरमध्ये ट्यूबऐवजी ‘मूस’ म्हणजे दाट फोमचं कडं बसवतात. ते पंक्चर होत नाही, पण उष्णतेने झिजतं आणि बदलायला मनगटं सोलून निघतात.

ही शर्यत जन्मली ती एका वाट चुकण्यातून. थिएरी साबीन हा फ्रेंच मोटरसायकलस्वार १९७७ मध्ये आबिजान-नीस रॅलीत लिबियाच्या वाळवंटात हरवला. कसाबसा वाचला, आणि घरी परतल्यावर त्याच वाळवंटात शर्यत भरवायचं त्याने ठरवलं. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून डाकारकडे पहिली तुकडी निघाली. १८२ वाहनं सुटली, ७४ पोहोचली. सुरक्षेच्या कारणावरून २००८ ची शर्यत रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे. नाव मात्र डाकारच राहिलं.

टीव्हीवर पाहताना वाटतं, हा वेगाचा खेळ आहे. खरं तर तो वाचनाचा खेळ आहे. स्वाराला नकाशा मिळत नाही, तर ‘रोडबुक’ मिळतं. त्यात किती किलोमीटरवर काय आहे, कुठे वळायचं, कुठे खड्डा आहे, हे छोट्या आकृत्यांनी आणि खुणांनी दाखवलेलं असतं. रस्ताच नसेल तिथे कंपासचे अंश लिहिलेले असतात. हँडलवरच्या डबीत कागदाची गुंडाळी अंगठ्याने पुढे सरकवत राहायचं, ही मोटरसायकलस्वारांची जुनी पद्धत. जीपीएस यंत्र असतं, पण ते ठरावीक ठिकाणाच्या अगदी जवळ गेल्याशिवाय बाण दाखवत नाही. ते ठिकाण चुकलं की दंडाची वेळ माथी बसते. पुढच्या गाड्यांच्या चाकोऱ्या पाहून गेलं तर? पुढचाच चुकलेला असेल तर दोघंही चुकतात.

म्हणूनच मला आशिष राऊराणे यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. मर्चंट नेव्हीत नोकरी करणारा हा मराठी माणूस २०२१ च्या डाकारमध्ये कुठल्याही कंपनीचा पगारी स्वार नसताना उतरला. समुद्रावर दिशा अंशांत मोजण्याची सवय असलेल्या माणसाने वाळूच्या समुद्रात तीच विद्या घेऊन जावं, हे मला फार सुंदर वाटतं. त्या वर्षी जेद्दाहून निघून पुन्हा जेद्दाला यायचं होतं. ३ ते १५ जानेवारी, १२ टप्पे, सुमारे ७,६०० किलोमीटर. मोटरसायकलला मागचे टायर साऱ्या शर्यतीत मिळून फक्त ६ वापरायची मुभा होती. त्यामुळे नुसती मूठ पिळून भागणार नव्हतं.

कंपनीचा पगारी स्वार संध्याकाळी तळावर आला की मोटरसायकल मेकॅनिकच्या हाती देतो, जेवतो, अंग चोळून घेतो आणि झोपतो. स्वखर्चाने आलेल्याची शर्यत तिथून पुढे सुरू होते. त्यातही सर्वांत कडक गट म्हणजे ‘ओरिजिनल’. पूर्वी त्याला ‘माल मोटो’ म्हणत. फ्रेंचमध्ये ‘माल’ म्हणजे पेटी. या गटात मेकॅनिक नाही, मदतनीस नाही. एक ८० लिटरची पेटी, तंबू, जादा चाकं आणि टायर एवढंच आयोजक पुढच्या तळावर पोहोचवतात. ऑइल बदलणं, एअर फिल्टर काढून नवा घालणं, मूस बदलणं, वाकलेलं सरळ करणं, सगळं आपल्या हाताने, डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात. पहाटे अंधारात पुन्हा निघायचं असतं. ज्याचा दिवस वाटेत लांबला, त्याची दुरुस्ती लांबते, झोप तुटते, आणि झोप तुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी रोडबुकातली खूण चुकतो. हौशी स्वार बहुतेक वेळा असाच, हप्त्याहप्त्याने हरतो.

तयारीही याच हिशेबाने करावी लागते. ४५० सीसीची मर्यादा असलेल्या रॅली मोटरसायकलमध्ये तीसेक लिटर पेट्रोल असतं. टाकी भरली की तिचा तोल पार बदलतो. ती वाळूत आडवी पडली तर एकट्याने उचलता आली पाहिजे, आणि दिवसातून दहादा उचलता आली पाहिजे. आपल्याकडचे स्वार राजस्थानात वाळूचा सराव करतात. तिथे ‘डेझर्ट स्टॉर्म’ ही रॅली अनेक वर्षं होत असे. पण अरबस्तानातल्या उंच टेकड्यांची धार चढून पलीकडचा उतार न पाहता थांबायचं कसं, हे परदेशी वाळूवरच शिकावं लागतं. नव्या मोटरसायकलस्वाराला आधी मान्यताप्राप्त रॅली पूर्ण केल्याशिवाय डाकारचं दार उघडत नाही. हे सगळं स्वखर्चाने, नोकरीतून रजा काढून.

धोका खरा आहे. २०२१ च्या त्याच शर्यतीत बंगळुरूचा सी. एस. संतोष चौथ्या टप्प्यात पडला आणि डॉक्टरांना त्याला औषधाने बेशुद्धीत ठेवावं लागलं. २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय तो हाच. २०२० च्या शर्यतीत हीरोच्या संघातला पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस मरण पावला. २०२१ पासून हवा भरून फुगणारं जाकीट सक्तीचं झालं. पडलेल्या स्वाराजवळ जो थांबतो त्याचा मदतीत गेलेला वेळ त्याला परत मिळतो, हा नियम मला या खेळातला सर्वांत माणुसकीचा वाटतो.

चार चाकांवरही मराठी नाव आहे. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये ‘डाकार क्लासिक’ गटात टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले आणि शर्यत पुरी केली. हा गट जुन्या काळच्या गाड्यांचा. तिथे सर्वांत जोरात जाणारा जिंकत नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग जो काटेकोर पाळतो तो वर येतो, आणि वाळूत तो पाळणं पळण्याहून अवघड आहे.

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. लष्कराच्या गाड्या खडबडीत वाटांवर तपासणारी व्हीआरडीई ही संस्था नगरलाच आहे, आणि हंगामात रात्री दोन वाजता शेतात जाऊन ट्रॅक्टर उभा करणारे मेकॅनिक गावोगावी आहेत.

अशाच एका मामांना श्रीरामपूर रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजात मी पेटीची गोष्ट सांगितली. ‘‘बारा दिवस, एकट्याने. काय भराल?’’

त्यांनी ऑइलचा रिकामा डबा पुढे ओढून माप पाहिलं. ‘‘फिल्टर रोज एक, म्हणजे बारा. घरूनच तेलात भिजवून पिशव्यांत बांधायचे. क्लच प्लेटा. ब्रेकचे आणि क्लचचे लिव्हर, पडला की तेच आधी तुटतात. चेनचं लॉक, प्लग, बाइंडिंग वायर, एम-सील. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या.’’ मग थांबले. ‘‘झोपायला किती मिळतं, भाऊ?’’

‘‘चार तास. कधी तेही नाही.’’

मामांनी पाने उचलून फळीवर ओळीने मांडले, आठ, दहा, बारा, तेरा. एका कापडाला कप्पे शिवून त्याच क्रमाने ठेवायचे, म्हणाले. डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच पाना हाती आला पाहिजे.