खेदाची चतुर्थी

वसई रोड स्थानकाचा जिना धापा टाकीत उतरलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत विरारची गाडी सुटते, तेव्हा ती 'गेली मेली!' म्हणून कपाळावर हात मारते किंवा 'नशीबच फुटकं माझं' असे पुटपुटते. आणि ध्वनिक्षेपकावरून, विलंबाबद्दल प्रशासन 'दिलगीर' असल्याचे, फारसी अमदानीतून आलेल्या दफ्तरी शब्दात जाहीर होत असते. परंतु खेद साध्या वाक्यात सांगावयाचा झाल्यास, इंग्रज मनुष्य 'आय ॲम सॉरी' म्हणून स्वतःस कर्ता करतो, तर आपण 'मला वाईट वाटते' असे म्हणून, ते दुःख ज्यास प्राप्त झाले त्याच्या जागी, चतुर्थीत उभे राहतो. बाल्टिक किनाऱ्यावरील लाटवियन भाषेतही हीच रीत आहे, ही मला अतिशय हृद्य वाटणारी गोष्ट: तेथे खेदाला 'मान झेल' म्हणतात, आणि दैव साथ देईनासे झाले म्हणजे 'मान नेवेइत्सास', अर्थात 'मला साधत नाही', यातील 'मान' म्हणजे आपले 'मला'च. इंग्रजीतही पूर्वी अशी रचना रूढ होती, आणि शेक्सपिअरच्या काळापर्यंत टिकलेले, 'मला वाटते' या अर्थाचे 'मीथिंक्स' हे रूप तिचाच अवशेष होय.