निळा धूर आणि धारूरचा घाट

सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला, की गॅरेजवर बहुधा एकच वाक्य ऐकू येतं, ‘रिंगा गेल्या, इंजिनला काम निघालं.’ मालकाच्या पोटात गोळा येतो. मग हाफ इंजिन करायचं की फुल, बोअर मारायचा की नव्या स्लीव्ह टाकायच्या, यावर घासाघीस सुरू होते. रिंगा खरंच गेल्यात का, हे मात्र कुणी तपासलेलं नसतं. ऑइल जळायला जाण्याच्या वाटा तीन-चार आहेत आणि त्यांतली एकच रिंगांची. बाकीच्या बुजवायला बहुतेक वेळा इंजिन उतरवावंच लागत नाही.

आधी रंगाचं उरकून घेऊ. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तिथे चोंदलेला एअर फिल्टर नाहीतर बिघडलेला इंजेक्टर शोधायचा. थंडीत सकाळी दिसून थोड्या वेळात विरणारा पांढरा धूर ही नुसती वाफ असते. तो थांबतच नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर. डिझेल गाडीत न जळलेलं डिझेलही पांढरं दिसतं. निळा, करपट वासाचा धूर तेवढा ऑइलचा.

पण रंगापेक्षा वेळ जास्त बोलते. धूर येतो कधी? हे बघायला माजलगावकरांना फुकटची प्रयोगशाळा मिळालेली आहे, ती म्हणजे धारूरचा घाट. तेलगाव सोडून गाडी बालाघाटच्या डोंगराला लागली, की इंजिनावर ताण येतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मागे सतत निळी रेघ दिसत असेल, तर रिंगा किंवा बोअर झिजल्याची शक्यता मोठी. पिस्टनवरच्या ऑइल रिंगेचं काम सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खाली खरवडून आणण्याचं. ती झिजली किंवा कार्बनने जाम झाली, की ऑइल वर राहतं आणि इंधनाबरोबर जळतं.

आता परतीचा उतार. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळजवळ बंद होते, पिस्टन मात्र ओढतच राहतात. इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते आणि ती व्हॉल्व्हच्या दांड्यांभोवतीच्या सीलमधून ऑइल खेचते. घाट संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा एकच मोठा लोट निघाला आणि मग रस्ता स्वच्छ झाला, तर दोष रिंगांचा नाही. व्हॉल्व्ह सील किंवा गाईडचा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना एकदाच फुस्सकन निळा धूर सोडते, त्याचंही कारण हेच. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सीलचं रबर कडक होतं आणि हेडमधलं ऑइल रात्री थेंब थेंब खाली उतरतं. साध्या गाडीचे सील काही शे रुपयांत येतात. अनेक इंजिनांत हेडही काढावं लागत नाही. सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि सील बदलतात.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. उताराची ही परीक्षा पेट्रोल गाडीची. डिझेल इंजिनात हवेची वाट अशी बंद होत नाही, त्यामुळे बोलेरो उतारावर गप्प राहिली म्हणून सील चांगले ठरत नाहीत. आणि घाट अरुंद आहे, वळणांचा आहे. धूर बघायला शेजारी कुणाला तरी बसवा. आरशात बघत स्टिअरिंग धरण्याची ही जागा नव्हे.

डिझेलवाल्यांचा खरा संशयित टर्बो. इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढून बघा. आत ऑइल साचलेलं असेल तर ते टर्बोमार्गे आलेलं असू शकतं. इथे एक फसगत नेहमी होते. नवा टर्बो बसवला जातो आणि महिन्याभरात धूर परत येतो. कारण बिघाड टर्बोत नसतोच, इंजिनाच्या ब्रीदरमध्ये असतो. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतच असतो आणि ब्रीदर त्याला बाहेरची वाट देतो. ती वाट चोंदली, की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. म्हणून टर्बोला हात लावण्याआधी ब्रीदरची नळी आणि टर्बोची ऑइल-रिटर्न नळी साफ आहे का ते बघावं. टर्बोचा सील पार गेला, तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत चावी काढल्यावरही सुसाट पळतं. तेव्हा ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. बॉनेट उघडून वाकून बघायला जाऊ नये.

मिस्त्री ऑइलचं झाकण काढून ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतो, तेही चेंबरमध्ये उतरणाऱ्या याच वायूबद्दल. ही परीक्षा चांगली, पण ब्रीदर साफ केल्यानंतर. त्याहून भरवशाचा निकाल कॉम्प्रेशन गेज देतो. पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १२ किलोच्या आसपास असतो, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. मॉडेलप्रमाणे तो बदलतो; बघायचा तो सिलिंडरांमधला फरक. पेट्रोल इंजिनात एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर रिंगा सैल, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. एवढ्या कामाला अर्धा दिवसही लागत नाही.

रिंगा आपल्या भागात लवकर जातात त्याला मोठं कारण धूळ. कल्याण-निर्मल आणि खामगाव-पंढरपूर हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग माजलगावातून जातात खरे, पण गाडी शेवटी फडापर्यंतच्या कच्च्या वाटेनेच जाते. हंगामात पुढे उसाची ट्रॉली आणि मागे धुळीचा पडदा. त्यातले वाळूचे बारीक कण फिल्टर चुकवून आत गेले, की रिंगा आणि बोअर कानशीने घासल्यासारखे झिजतात. फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून तोच पुन्हा बसवण्याची आपली सवय इथे नडते. जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात, वरून फिल्टर मात्र स्वच्छ दिसतो. पाइपची ढिली क्लिपही तेवढीच घातक. आणि उन्हाळ्यात एसी लावून तासन्‌तास उभी ठेवलेली गाडी किलोमीटर दाखवत नाही, ऑइल मात्र तिचं म्हातारं होतच असतं.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुरावर विसंबताच येत नाही. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमधला फिल्टर काजळी अडवतो, पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडंफार ऑइल पचवून टाकतो. पीयूसीचाही भरवसा नको. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर होते, रिंगा बोलतात चढावर. उलट काही डिझेल गाड्यांत ऑइलच्या पट्टीवरची पातळी वाढते, कारण फिल्टर जाळून साफ करताना जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नका, ते ऑइल पातळ झालेलं असतं.

म्हणून मोजमाप. सपाट जागी, थंड इंजिनात वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरला किती टाकावं लागलं ते बघा. बहुतेक कारमध्ये दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. उभ्या गाडीखाली डाग पडतो का तेही बघा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळत असताना रिंगा बदलून काय उपयोग? अमेरिकेत कॅमरीसारख्या गाड्यांतल्या २ एझेड-एफई इंजिनाची ऑइल खाण्याची तक्रार इतकी वाढली, की टोयोटाला पिस्टन-रिंगा बदलून देण्याची योजना काढावी लागली. पण तिथेही इंजिन उघडण्याआधी १,२०० मैल चालवून ऑइल मोजण्याची अट होती.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सौदा सकाळीच ठरवावा आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पहिला धूर लपवते, जाड ऑइल बाकीचा लपवतं. आणि आपल्याच गाडीचं इंजिन खोलायची वेळ आली, तर मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून घ्या. आकडे मिळेपर्यंत इंजिनाला पाना लावू देऊ नका.