कानाने लावलेले टायमिंग

‘डिस्ट्रिब्युटर सैल करा, इंजिन सर्वांत जोरात फिरेल तिथवर वळवा, मग किंचित मागे घ्या आणि बोल्ट आवळा.’ जुनी एमजीबी बाळगणाऱ्याला टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावण्यासाठी हा सल्ला हमखास मिळतो. देणारे हात अनुभवी असतात, म्हणून कोणी शंकाही घेत नाही. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. कान कितीही तयार असला तरी चुकीचा आहे, कारण जे ऐकायला हवे ते आयडलिंगला वाजतच नाही.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनला बनत होती. तिचे 1798 सीसीचे इंजिन बीएमसीच्या ‘बी सीरिज’मधले. त्याच घराण्यातले 1489 सीसीचे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये अनेक वर्षे होते, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकना या इंजिनाची रचना नवी नाही. कानाची पद्धतही नवी नाही, हीच अडचण आहे.

ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचे मिश्रण एका क्षणात जळून जात नाही. ज्योत पसरायला काही मिलिसेकंद लागतात. 600 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 3.6 अंश फिरतो, 6000 आरपीएमला 36 अंश. वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्योतही लवकर पसरते, म्हणून ठिणगी दहापट आधी पाडावी लागत नाही. पण बरीच आधी पाडावी लागते. ठिणगी आधी पाडण्याचे, म्हणजे ॲडव्हान्सचे, हे काम डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि स्प्रिंगा करतात. एमआयटीचे जॉन हेवूड यांच्या 1988च्या पाठ्यपुस्तकात सर्वोत्तम टायमिंगची खूण दिली आहे: सिलिंडरमधला दाब पिस्टन माथ्यावरून खाली यायला लागल्यावर, साधारण 16 अंशांवर, शिगेला पोचतो. त्याआधीच दाब चढला तर तो वर येणाऱ्या पिस्टनला ढकलतो. ‘जितका ॲडव्हान्स जास्त, तितकी ताकद जास्त’ हे म्हणूनच खरे नाही.

आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे, त्यात आधीचा जळका वायू मिसळलेला. ते सावकाश जळते. अशा इंजिनाला भरपूर ॲडव्हान्स दिला की ते खूश होऊन वेगाने आणि मऊ फिरते. कान तेवढेच ऐकतो. जास्त कॉम्प्रेशनच्या सुरुवातीच्या एमजीबीसाठी मॅन्युअलचा आकडा आहे पिस्टन माथ्यावर येण्याआधी, इंजिन बंद असताना 10 अंश, आणि 600 आरपीएमला स्ट्रोब लाइटखाली 14 अंश. कानाने तो सहज 22 वर जातो. हे वरचे 8 अंश आयडलिंगपुरते राहत नाहीत, प्रत्येक वेगाला जोडले जातात. पूर्ण थ्रॉटलला या इंजिनाला एकूण 32च्या आसपास पुरतात. तिथे 40 होतात.

‘पण पिकअप तर सुधारला!’ हो, कमी वेगाला सुधारतो. नुकसान मात्र हायवेवर, चढावर, दाबून चालवताना होते. नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी टकटक, तेव्हा होत असते. उघड्या टपाच्या गाडीत वारा आणि सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकू येत नाही. पिस्टनचा माथा वितळतो, रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जाते. मग दोष पेट्रोलला दिला जातो. टॉप गिअरमध्ये चढावर दाबून टकटक ऐकणे आणि तेवढे टायमिंग मागे घेणे (रिटार्ड करणे), ही रस्त्यावरची चाचणी निदान भार टाकून घेतलेली असते. पण तीही खालच्या वेगापुरतीच.

‘शंका असेल तर रिटार्ड ठेवा, सुरक्षित असते’ हेही खोटे. उशिरा पेटलेले मिश्रण एक्झॉस्टच्या वाटेवर जळते, व्हॉल्व्ह तापतात, गाडी गरम होते, पेट्रोल जास्त लागते.

व्हॅक्यूम ॲडव्हान्स बिनकामाचा नाही. हलक्या थ्रॉटलला मिश्रण सावकाश जळते, तेव्हा ॲव्हरेज तोच राखतो. टायमिंग बघताना त्याची नळी काढून तोंड बंद करायचे आणि नंतर परत लावायचीच. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आपोआप ताकद देत नाही. नॉकिंग टाळायला टायमिंग मागे ठेवावे लागत असेल तरच उपयोग. शिशाविना आलेल्या पेट्रोलपासून व्हॉल्व्ह सीट टायमिंग बदलून वाचत नाहीत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले तरी टायमिंग लावावेच लागते, झिजलेल्या स्प्रिंगा तशाच असतात. आणि क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूण नेहमी खरी नसते: रबराचा थर असलेल्या पुलीची बाहेरची कडी वयानुसार सरकते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन माथ्यावर असताना ती जुळते का, हे एकदा तपासून घ्या.

क्रम मात्र पाळा. आधी पॉइंटचा गॅप, 0.38 मिलिमीटरच्या आसपास. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते, म्हणून टायमिंग नंतरच. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तो 1 अंश वळवला की टायमिंग 2 अंश सरकते, तेव्हा हात हलका ठेवा. आयडल मॅन्युअलमधल्या आरपीएमवर आणा, नाहीतर वजने आधीच उघडलेली असतात आणि आकडा फसवतो. मग आरपीएम चढवून खूण एकसारखी पुढे सरकते का ते पाहा; अडखळली तर डिस्ट्रिब्युटर उघडायलाच हवा. शेवटचे: एमजीबीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे डिस्ट्रिब्युटर बसवले गेले आणि त्यांचे आकडेही वेगळे आहेत. तुमच्या डिस्ट्रिब्युटरवर कोरलेला नंबर वाचा आणि त्याच नंबरचा आकडा वापरा.