शिकणाऱ्या मातेचा दाखला

मुकुटबन व परिसरातील गावांतून आमच्या रुग्णालयात प्रसूतीसाठी येणाऱ्यांत काही महाविद्यालयीन विद्यार्थिनी असतात. घरी जाताना त्या व त्यांचे नातेवाईक ‘आजारपणाचा’ दाखला मागतात. प्रसूती लिहिल्यास वर्ष बुडेल, ही धास्ती त्यामागे असते. असा दाखला आम्ही देत नाही. बाळंतपण हा आजार नव्हे, आणि सवलत मिळण्याजोगे खरे कारण तेच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 14 डिसेंबर 2021 च्या पत्राद्वारे विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे नियम करण्यास, तसेच उपस्थिती व परीक्षा अर्जाच्या मुदतीत सवलत देण्यास विद्यापीठांना कळविले. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना 240 दिवसांपर्यंतची रजा आयोगाच्या नियमांतच आहे. बी.ए., बी.कॉम.साठी मात्र त्या पत्रात दिवस ठरविलेले नाहीत. ते विद्यापीठांवर सोपविले, आणि खरी अडचण तेथेच आहे. म्हणून आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थिनीने प्राचार्यांमार्फत संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे लेखी अर्ज करावा, शक्यतो प्रसूतीपूर्वीच, व त्याची पोच जपून ठेवावी.

आमच्या दाखल्यात प्रसूतीची तारीख, शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा उल्लेख व सांगितलेली विश्रांती नमूद असते. त्याचे शुल्क घेतले जात नाही, त्यामुळे सोबतच्या जमाखर्चात या कामाचा रकाना दिसणार नाही. डिस्चार्ज कार्डाबरोबर हा दाखला कुटुंबीयांनी आवर्जून मागून घ्यावा.