राहत : सरकारने आखलेलं, माणसांनी घडवलेलं शहर

दक्षिण इस्राएलमध्ये बीरशेबाच्या उत्तरेला, नेगेव्हचं वाळवंट जिथे सुरू होतं, तिथल्या चढउताराच्या माळावर राहत वसलं आहे. वर्षाकाठी पाऊस दोन-अडीचशे मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. त्यावर गहू आणि बार्ली पिकवायची, उरलेला काळ शेळ्यामेंढ्या आणि उंट घेऊन चराईच्या मागावर राहायचं, अशी इथल्या बेदुईनांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. त्यांना एका जागी स्थिर करण्यासाठी सरकारने १९७२ मध्ये हे गाव वसवलं. १९९४ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. आज लोकसंख्या सत्तर हजारांच्या पुढे आहे, आणि नेगेव्हमधल्या बेदुईन वस्त्यांपैकी शहर म्हणून मान्यता असलेली ही एकच.

राहत समजून घ्यायचं तर १९४८ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षीच्या युद्धाआधी नेगेव्हमध्ये साठ हजारांहून अधिक बेदुईन राहत होते. युद्धानंतर उरले जेमतेम अकरा हजार. बाकीचे गाझा, जॉर्डन, सिनाईकडे पळाले किंवा हाकलले गेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना बीरशेबाच्या आसपासच्या ‘सियाज’ नावाच्या राखीव पट्ट्यात गोळा करण्यात आलं. १९६६ पर्यंत तिथे लष्करी अंमल होता. पट्ट्याबाहेर पाऊल टाकायचं तर परवाना लागे. १९५० च्या कायद्याने काळ्या शेळीच्या चराईवर बंधनं आणली. हा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, पण मधल्या काळात अनेक कळप संपले होते. १९६५ च्या नगररचना कायद्यानंतर आराखड्यात नसलेली सगळी घरं बेकायदा ठरली. म्हणजे गावठाणात राहायला या, हे आमंत्रण जेव्हा आलं तेव्हा बाकीचे रस्ते एकेक करून बंद होत आले होते.

अशा सरकारी गावठाणाचा पहिला प्रयोग साठच्या दशकाच्या शेवटी तेल अस-सबी इथे झाला. एकसारखी छोटी घरं, छोटे भूखंड, शेजारी कोण येणार याचा विचार नाही. लोकांनी पाठ फिरवली. बेदुईन कुटुंब भाऊबंदांच्या सोबतीने राहतं. पाहुण्याला वेगळी जागा लागते, जनावराला आडोसा लागतो. राहत आखताना यातून धडा घेतला गेला. भूखंड मोठे केले, घर ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधायचं ठरलं आणि प्रत्येक कुळाला स्वतंत्र मोहल्ला मिळाला. शहराच्या मधून जाणारे कोरडे ओढे या मोहल्ल्यांच्या नैसर्गिक हद्दी झाल्या. मूळ जमीन अल-हुझैल जमातीची. तिथे वेगवेगळ्या भागांतली कुळं येऊन स्थिरावली. लवकर आले ते बहुतांशी स्वतःची जमीन नसलेले. ज्यांचा जमिनीवर दावा होता, ते मात्र हटले नाहीत. भूखंड घेणं म्हणजे दावा सोडणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आराखड्यात नसलेली एक गोष्ट लोकांनी स्वतःच आणली : ‘शिग’, म्हणजे पुरुषांची बैठक आणि पाहुण्यांची जागा. सिमेंटच्या दुमजली घराशेजारी अंगणात तंबू किंवा पत्र्याची शेड उभी राहिली. जमिनीवर गाद्या, मध्ये निखारे. कॉफीचे दाणे तिथेच भाजायचे, लाकडी उखळीत तालात कुटायचे. त्या ठोक्यांचा आवाज ऐकून शेजारपाजारच्यांनी समजायचं की बैठक बसली आहे. कॉफी कडू, वेलदोडा घातलेली. पेल्यात तळाशी घोटभरच. भांडणाचा निवाडा, लग्नाची बोलणी, निवडणुकीची खलबतं, सगळं इथेच होतं. सुरुवातीची वर्षं गावाचा कारभार सरकारने नेमलेल्या माणसांकडे होता. आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क रहिवाशांना मागाहून मिळाला. पण गावाचा खरा विचारविनिमय शिगमध्ये तेव्हाही चालूच होता.

बायकांच्या वाट्याला या बदलातून दोन उलट गोष्टी आल्या. माळावर पाणी आणणं, कळप राखणं, शेळीच्या केसांचे पट्टे विणून तंबू उभा करणं ही कामं त्यांची होती, आणि कामाबरोबर वावरही होता. गावात नळ आला, कळप गेला, आणि शेजारच्या रस्त्यावर परक्या कुळातली माणसं आली. त्यामुळे घराबाहेर पडणं कमी झालं. पण त्याच गावात शाळाही आली. आजी ज्या वयात शेळ्या वळत होती, त्या वयात नात शाळेत बसली, आणि तिच्यासारख्या कितीतरी मुली पुढे बीरशेबाच्या बेन-गुरियन विद्यापीठापर्यंत पोहोचल्या.

रोजगाराचं दुखणं मात्र जुनं आहे. इस्राएलच्या सामाजिक-आर्थिक क्रमवारीत राहत वर्षानुवर्षं अगदी तळाच्या गटात आहे. कळप सुटला, पण त्याची जागा घेणारं काम गावात कोणी आणलं नाही. माणसं बांधकामावर, गाड्यांवर, दूरच्या कारखान्यांत जाऊ लागली. शेजारच्या परिषदांबरोबर उभारलेली इदान हा-नेगेव्ह औद्योगिक वसाहत हा त्यावरचा अलीकडचा उपाय. सोडास्ट्रीम कंपनीचा मोठा कारखाना २०१५ मध्ये तिथे सुरू झाला आणि एकाच पाळीत बेदुईन व ज्यू कामगार शेजारी-शेजारी उभे राहिले.

शहराच्या नव्या वस्तीसाठी जमीन खणताना जे हाती आलं, तेही सांगायला हवं. २०१९ मध्ये सातव्या-आठव्या शतकातली छोटी मशीद सापडली, जगातल्या जुन्यात जुन्या मशिदींपैकी एक. २०२० मध्ये बाराशे वर्षांपूर्वीचा साबणाचा कारखाना निघाला. ऑलिव्हचं तेल, खारट झुडपांची राख आणि पाणी एकत्र करून सात दिवस शिजवायचं, उथळ हौदात दहाएक दिवस गोठू द्यायचं, मग वड्या कापून आणखी दोन महिने वाळवायच्या, अशी ती पद्धत होती. या उत्खननात राहतचे रहिवासी आणि तरुण मुलं राबली. हा माळ कधीच ओसाड नव्हता, याचा पुरावा त्यांनी आपल्या हातांनी मातीतून काढला.

मूळ प्रश्न मात्र आजही तसाच आहे. नेगेव्हमध्ये अशी सात गावठाणं झाली, पण हजारो बेदुईन अजून मान्यता नसलेल्या वस्त्यांत, वीज-पाण्याच्या जोडणीविना राहतात. बीरशेबा आणि राहतच्या दरम्यानच्या अल-अराकिब या वस्तीवर २०१० पासून शेकडो वेळा बुलडोझर चालला. लोक पुन्हा पुन्हा तंबू ठोकतात. त्यांचे जमिनीचे दावे न्यायालयात टिकत नाहीत, कारण तोंडी करार आणि पिढ्यांची वहिवाट कागदावर नसते.

राहतचा अनुभव इथे उपयोगी पडावा. भाऊबंदांची सोबत, पाहुणचार आणि घरबांधणी यांत लोकांचं थोडंफार ऐकलं गेलं, तिथे गाव रुजलं. जमीन, काम आणि कारभार यांत ऐकलं नाही, तिथे ते पन्नास वर्षांनंतरही अडखळतं आहे. या शहरातली निम्म्याहून अधिक माणसं अजून अठराच्या आत आहेत. त्यांच्यासाठी पुढचा आराखडा काढायला बसताना टेबलाशी पहिली खुर्ची त्यांच्या आईबापांची असली पाहिजे, आणि जमिनीचा प्रश्न पहिल्याच पानावर असला पाहिजे.