शेंद्र्यात जुळलेली टर्बो मोटार : अंगणातील दुरुस्ती आणि कायद्याची चौकट

जुनी मोटार म्हटली, की डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या गाड्या किंवा मुंबईच्या रस्त्यावरील फियाट उभी राहते. मात्र गेल्या काही वर्षांत हौशी मंडळींचे लक्ष त्याहून बऱ्याच अलीकडच्या गाड्यांकडे वळले आहे. त्यातील एका गाडीचे नाते थेट मराठवाड्याशी आहे. तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये स्कोडा कंपनीने ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. त्याच मोटारीची 'आरएस' ही वेगवान आवृत्ती २००४ मध्ये भारतात दाखल झाली. टर्बोचार्जर असलेले पेट्रोल इंजिन घेऊन भारतीय बाजारात उतरलेल्या पहिल्या काही मोटारींत तिची गणना होते.

आज या मोटारींनी वयाची विशी ओलांडली आहे. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगावसारख्या तालुक्याच्या गावी अशी गाडी घरच्या अंगणात उभी करून तिला पूर्ववत करायचे ठरवले, तर काय करावे लागते आणि काय टाळावे लागते? हौस म्हणून हाती घेतलेले हे काम पैसा, इंजिन आणि नोंदणी या तिन्हींची परीक्षा पाहणारे आहे.

टर्बो म्हणजे नेमके काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूने एक छोटे चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि म्हणून ताकद जास्त, असे हे साधे गणित आहे. प्रवासी मोटारींत हे तंत्र १९६२ मध्ये अमेरिकेत आले. ऑक्टाव्हिया आरएसच्या १७८१ घनसेंटिमीटरच्या, वीस व्हॉल्व्हच्या इंजिनातून त्यामुळेच १५० अश्वशक्ती मिळत असे. त्या काळी भारतात याच आकाराची साधी इंजिने बरीच मागे होती.

ट्रॅक्टर, ट्रक आणि डिझेल जीपमुळे ग्रामीण भागातील मेकॅनिकला टर्बो नवा नाही. 'टर्बो ऑइल फेकतोय' हे वाक्य नांदेड-लातूरच्या गॅरेजमध्ये सहज कानी पडते. फरक आहे तो उष्णतेचा. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा अधिक तप्त असतो. मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. गाडी जोरात पळवून लगेच बंद केली, की तेथील तेल जळून कोळसा होतो आणि पुढच्या वेळी तेलाची वाट अडते. जुन्या टर्बोचा मृत्यू बहुधा असाच होतो. गाडी थांबवल्यावर मिनिटभर इंजिन मंद गतीने चालू ठेवणे हा त्यावरील बिनखर्ची उपाय आहे.

आधी आरोग्य, मग ताकद

पुनरुज्जीवनाचा पहिला नियम म्हणजे गाडी मूळ स्थितीत नीट चालेपर्यंत तिच्यात कोणताही बदल करू नये. सुरुवात चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनच्या तपासणीने करावी. चौघांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर पुढचा सारा खर्च पाण्यात जाण्याची शक्यता असते.

त्यानंतर येतो टायमिंग बेल्ट. या इंजिनात बेल्ट तुटला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. जुनी गाडी विकत घेतल्यावर आधीच्या मालकाच्या शब्दावर विसंबून न राहता बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकत्रच बदलणे शहाणपणाचे ठरते. या कुळातील काही पंपांचा पंखा प्लॅस्टिकचा असे. वीस वर्षांत तो ठिसूळ होतो, म्हणून धातूच्या पंख्याचा पंप पसंत केला जातो.

तिसरी पायरी रबराची. हवेच्या आणि व्हॅक्यूमच्या लहानमोठ्या नळ्या उन्हाने तडकतात आणि दाबलेली हवा वाटेतच निसटते. गळती शोधण्याची रीत पंक्चर काढण्यासारखीच आहे. हवेचा मार्ग बंद करून कॉम्प्रेसरने एक बारच्या आत, बेताचा दाब द्यायचा आणि जोडांवर साबणाचे पाणी सोडायचे. बुडबुडे आले, की दोष सापडला. 'टर्बो गेला' म्हणून हजारो रुपये खर्च करणाऱ्या अनेकांची अडचण प्रत्यक्षात एका फाटक्या नळीची असते. इंधनाच्या नळ्यांकडे तर विशेष लक्ष हवे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. २००४ ची गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नाही. त्यामुळे जुने रबर आणि गॅस्केट बदलून इथेनॉलला दाद न देणारे सुटे भाग बसवणे हिताचे असते.

प्रत्यक्ष टर्बो तपासणे घरीही शक्य आहे. हवेची नळी काढून दांडा बोटाने हलवून पाहावा. बाजूला किंचित हालचाल स्वाभाविक असते. मात्र दांडा पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती घरावर घासली असतील, तर टर्बो उघडणे अटळ आहे. हे काम अंगणातले नव्हे. दांडा आणि चाके यांचा तोल यंत्रावर साधावा लागतो. अंदाजाने जोडलेला टर्बो फार काळ टिकत नाही.

घरी काम करताना एक पथ्य जिवाशी निगडित आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पक्क्या, सपाट जमिनीवर स्टँड लावल्याशिवाय एकही नट सोडू नये.

मराठवाड्याचे ऊन आणि 'रिमॅप'

गाडी सुधारली, की मोह होतो तो ताकद वाढवण्याचा. संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजे 'रिमॅप' करून, टर्बोचा दाब वाढवता येतो. याच कुळातील इंजिन युरोपातील आरएसमध्ये १८० अश्वशक्ती देत असे, हा दाखला त्यासाठी हमखास दिला जातो. परंतु त्या गाडीची सामग्री आणि आखणी वेगळी होती, तेथील हवामानही वेगळे होते.

नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. मुळातच तापलेली हवा दाबली, की ती आणखी तापते. अशा हवेत पेट्रोल वेळेआधी पेट घेऊ लागते. त्यालाच 'नॉकिंग' म्हणतात. संगणक ठिणगी मागे घेऊन इंजिन वाचवतो, परंतु ताकद घटते. दाब फार वाढवलेला असेल, तर पिस्टनलाच इजा होऊ शकते. म्हणून या भागात पहिला खर्च हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर, रेडिएटरवर आणि उत्तम सिंथेटिक तेलावर व्हावा. त्यानंतर ब्रेक, टायर आणि क्लच. रिमॅपचा क्रमांक सर्वांत शेवटी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अधोरेखित केली. रंगबदलासारखा बदल चालतो. मात्र त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. कर्कश सायलेन्सर बसवणे किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे म्हणजे या कारवाईला आमंत्रणच होय. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा फेटाळण्याचे कारण ठरू शकतो, हेही विसरून चालणार नाही.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. त्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींचे नूतनीकरण शुल्क दहा हजार रुपये केले. 'व्हिंटेज' म्हणून सवलत मिळेल, ही आशाही व्यर्थ आहे. २०२१ च्या नियमांनुसार हा दर्जा पन्नास वर्षांवरील वाहनांनाच मिळतो. म्हणजे २००४ च्या ऑक्टाव्हियाला २०५४ पर्यंत थांबावे लागेल.

तोवर तिला रस्त्यावर ठेवायचे, तर मूळ रूप जपणे हाच सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी नोंदणीची मुदत, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदपत्रांशी जुळतात का, हे पाहावे. इंजिन दुरुस्त करता येते, सुटे भाग हैदराबाद किंवा मुंबईहून मागवता येतात. परंतु कागदपत्रेच सदोष असतील, तर सारी मेहनत अंगणातच उभी राहते.